सलाईनचे थेंब: ड्रिप रेट काढण्याची, लावण्याची आणि टिकवण्याची क्रमवार पद्धत

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांना ड्रिप रेटचे, म्हणजे मिनिटाला किती थेंब सोडायचे याचे, सूत्र विचारले तर बहुतेक जणी ते एका दमात सांगतात. तरीही सकाळी आठला लावलेली आणि चारला संपायला हवी असलेली बाटली कधी दुपारी एकलाच रिकामी झालेली दिसते, तर कधी संध्याकाळी सहा वाजले तरी अर्धी भरलेलीच असते. अनेक वर्षे हे शिकवताना मला आढळले आहे की चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात: हातातला सेट, म्हणजे सलाईनची नळी, कोणता आहे हे न पाहता गणित केले जाते, वेळेचे रूपांतर चुकते, आणि एकदा थेंब लावले की त्या बाटलीकडे परत कोणी फिरकत नाही. त्यामुळे पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. सूत्र चौथ्या टप्प्यावर ठेवले आहे, आणि ते मुद्दामच.

हा लेख जीएनएम (परिचारिका पदविका) व बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणि वॉर्डात नव्याने काम करणाऱ्यांसाठी आहे. कोणते द्रव किती द्यायचे हा निर्णय डॉक्टरांचा असतो. ठरलेले द्रव ठरलेल्या वेळात रुग्णाच्या शिरेत पोहोचवणे ही आपली जबाबदारी आहे.

## तयारी

खाटेजवळ जाण्यापूर्वी पुढील वस्तू ट्रेमध्ये असाव्यात: उपचारपत्रक, आयव्ही सेट त्याच्या न फोडलेल्या पाकिटासह, द्रवाची बाटली, सेकंद काटा असलेले घड्याळ, कागदी चिकटपट्टी, पेन आणि कॅल्क्युलेटर. मोबाइलवर वेळ पाहून थेंब मोजण्याची सवय लावू नये, कारण मोजणी सुरू असतानाच पडदा मिटतो आणि मोजलेले थेंब वाया जातात.

बाटलीवरील द्रवाचे नाव, मुदतीची तारीख आणि द्रवाचा स्वच्छपणा उजेडात धरून पाहावा. आरएल (रिंगर लॅक्टेट), एनएस (साधे मिठाचे सलाईन), डीएनएस (ग्लुकोज आणि मिठाचे द्रव) आणि डी-५ (५ टक्के ग्लुकोजचे द्रव) यांच्या बाटल्या एकाच आकाराच्या आणि जवळपास एकाच रंगाच्या लेबलच्या असू शकतात, म्हणून आकारावरून किंवा रंगावरून ओळखू नये. लेबल वाचावे.

## टप्पा १: आदेश मिलीलिटर आणि तासांत उतरवून घेणे

आपल्याकडे बाटलीला सर्रास ‘पाईंट’ म्हणतात. ‘दोन पाईंट आरएल, एक पाईंट डीएनएस, चोवीस तासांत’ हा आदेश आपण रोज ऐकतो. मोजमाप म्हणून ब्रिटिश पाईंट सुमारे ५६८ मिलीचा असतो, आपली बाटली मात्र ५०० मिलीची असते, आणि लहान मुलांच्या विभागात तर १०० मिलीच्या बाटलीलाही कोणी पाईंट म्हणून जाते. म्हणून कागदावर नेहमी मिलीच लिहावेत. वरील आदेश असा उतरतो: एकूण १५०० मिली, २४ तास, म्हणजे प्रत्येक ५०० मिलीच्या बाटलीला ८ तास आणि ताशी ६२.५ मिली.

आदेशात द्रव, प्रमाण, कालावधी आणि मिसळायचे औषध असल्यास त्याची मात्रा, या चार गोष्टी स्पष्ट हव्यात. त्यांतील एकही नसेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारावे.

इशारा: नुसते ‘आठ थेंब’ हा आदेश अपुरा आहे. प्रसूती कक्षातले उदाहरण घेऊ. ५०० मिली द्रवात ५ युनिट ऑक्सिटोसिन (कळा आणणारे औषध) असेल तर प्रत्येक मिलीत १० मिलियुनिट (युनिटचा हजारावा भाग) औषध असते. २० थेंबांच्या सेटने, म्हणजे ज्यात एक मिलीचे २० थेंब होतात त्याने, मिनिटाला आठ थेंब दिल्यास ०.४ मिली, म्हणजे ४ मिलियुनिट औषध जाते. मायक्रोड्रिप सेटने (एक मिलीचे ६० बारीक थेंब) तेच आठ थेंब दिल्यास जेमतेम १.३ मिलियुनिट जाते. दोन्ही नोंदींत ‘आठ थेंब’च लिहिलेले असते, आणि गर्भाशयाला मिळणाऱ्या औषधात मात्र तिपटीचा फरक असतो. विद्रावातील औषधाचे प्रमाण आणि सेटचा प्रकार लिहून घेतल्याशिवाय असा आदेश अमलात आणू नये.

## टप्पा २: सेटचे पाकीट वाचणे

एक मिली द्रवाचे किती थेंब होतात याला ड्रॉप फॅक्टर म्हणतात आणि तो सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. आपल्याकडील नेहमीच्या प्रौढांच्या सेटवर बहुधा २० थेंब प्रति मिली असे असते, तरी १५ किंवा १० थेंबांचे सेटही वापरात असतात. लहान मुलांसाठीचा मायक्रोड्रिप सेट ६० थेंबांचा असतो. त्याच्या ड्रिप चेंबरमध्ये (थेंब पडताना दिसतात ती पारदर्शक नळकांडी) सुईसारखी बारीक धातूची नळी दिसते, साध्या सेटमध्ये ती रुंद प्लॅस्टिकची असते. ही ओळख उपयोगी आहे, पण ती पाकीट वाचण्याला पर्याय ठरत नाही.

माझ्या उमेदीच्या काळातील एका रात्रीचा प्रसंग मी प्रत्येक तुकडीला सांगते. बारा किलो वजनाच्या मुलाला मायक्रोड्रिप सेटने मिनिटाला ४० थेंब, म्हणजे ताशी ४० मिली द्रव सुरू होते. मध्यरात्रीनंतर नळीत हवा शिरली म्हणून सेट बदलण्यात आला, कपाटात मायक्रोड्रिप सेट उरला नव्हता म्हणून साधा सेट लावला गेला, आणि पत्रकावर ४० थेंब लिहिलेले असल्यामुळे घड्याळ धरून बरोबर ४० थेंबच मोजले गेले. मोजणीत तसूभरही चूक नव्हती. परंतु २० थेंबांच्या सेटने मिनिटाला ४० थेंब म्हणजे ताशी १२० मिली. पाऊण तासाने मी फेरीला गेले तेव्हा तीस मिलीच्या जागी नव्वद मिली द्रव त्या मुलाच्या अंगात गेलेले होते. श्वास थोडा जलद झाला होता, डॉक्टरांना तातडीने बोलावले, मूल बरे झाले. तेव्हापासून मी पत्रकावर थेंबांचा आकडा कधीही एकटा लिहीत नाही. त्याच्या शेजारी ताशी किती मिली आणि कितीचा सेट, हे दोन्ही लिहिते.

तपासणी: सेट बदलला की गणित नव्याने करावे, जुना सेट आणि नवा सेट एकाच प्रकारचे दिसत असले तरीही.

मायक्रोड्रिप केव्हा घ्यावा, असे विद्यार्थी विचारतात. लहान मूल असेल किंवा वेग कमी असेल तर घ्यावा. ताशी २० मिली द्रव २० थेंबांच्या सेटने द्यायचे झाले तर मिनिटाला सातच थेंब येतात. त्यात एका थेंबाची चूक झाली की वेग सातव्या हिश्शाने बदलतो. मायक्रोड्रिपमध्ये तेच द्रव २० थेंबांनी जाते आणि एका थेंबाने फारसे बिघडत नाही.

## टप्पा ३: वेळ मिनिटांत आणणे

ही पायरी सोपी वाटते म्हणून वगळली जाते, आणि नेमकी तिथेच मराठी बोलणाऱ्यांची एक खास चूक होते. दीड, अडीच, सव्वा, पावणे हे शब्द आपल्या तोंडी इतके रुळलेले आहेत की कॅल्क्युलेटरवर ‘दीड तास’ टाकताना हात १.३० दाबतो. दीड तास म्हणजे १.५ तास, म्हणजे ९० मिनिटे. कॅल्क्युलेटरच्या दृष्टीने १.३० तास म्हणजे ७८ मिनिटे. २५० मिली द्रव दीड तासात द्यायचे असेल तर २० थेंबांच्या सेटने मिनिटाला ५६ थेंब हवेत, १.३० धरून केलेले गणित ६४ थेंब दाखवते.

म्हणून तासांचा अपूर्णांक आला की आधी मिनिटे करून घ्यावीत: सव्वा तास ७५, दीड तास ९०, पावणेदोन तास १०५, अडीच तास १५०, पावणेतीन तास १६५, साडेतीन तास २१० मिनिटे.

## टप्पा ४: सूत्र

मिनिटाला थेंब = (एकूण मिली × ड्रॉप फॅक्टर) ÷ एकूण मिनिटे

टप्पा १ मधील आदेशासाठी, २० थेंबांचा सेट धरून: (५०० × २०) ÷ ४८० = २०.८, म्हणजे २१ थेंब.

ताशी मिली हाताशी असतील तर आणखी जवळचा रस्ता आहे. तासाची ६० मिनिटे आणि मिलीचे २० थेंब, म्हणजे ६० भागिले २० बरोबर ३. म्हणून २० थेंबांच्या सेटसाठी ताशी मिलीला ३ ने भागावे. १५ थेंबांच्या सेटसाठी ४ ने, १० थेंबांच्या सेटसाठी ६ ने भागावे. मायक्रोड्रिपमध्ये ६० भागिले ६० बरोबर १, म्हणून ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. मी दोन्ही मार्गांनी उत्तर काढून ताडून पाहते: ६२.५ ÷ ३ = २०.८. जुळले.

आणखी काही उदाहरणे कागदावर स्वतः सोडवून पाहावीत.

५०० मिली आरएल ६ तासांत, २० थेंबांचा सेट: ताशी ८३.३ मिली, मिनिटाला २८ थेंब.

१०० मिली मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरील औषध) एका तासात, तोच सेट: (१०० × २०) ÷ ६० = ३३ थेंब.

बारा किलोच्या मुलाची दैनंदिन द्रवाची गरज ४-२-१ नियमाने काढली तर पहिल्या १० किलोला ताशी ४ मिलीप्रमाणे ४० आणि पुढच्या २ किलोला ताशी २ मिलीप्रमाणे ४, एकूण ताशी ४४ मिली. वीस किलोच्या पुढे प्रत्येक किलोला ताशी १ मिली धरतात. मायक्रोड्रिपने ४४ थेंब. डॉक्टरांनी दिलेला आकडा याच्या फार पलीकडे असेल तर त्याला कारणही असू शकते, जसे निर्जलीकरण. तरी विचारून खात्री करावी.

इशारा: अपूर्णांक शेवटच्या पायरीवरच पूर्ण करावा, मधल्या आकड्यांना हात लावू नये. आणि उत्तर आल्यावर ते शक्यतेच्या पट्टीवर तपासावे. प्रौढ रुग्णाच्या नेहमीच्या सलाईनचे उत्तर २१० थेंब आले तर दशांशचिन्ह सरकले आहे. मिनिटाला शंभराच्या पुढचे थेंब डोळ्यांनी नीट मोजताही येत नाहीत. तेवढा वेग खरोखरच हवा असेल तर बाटलीवरील खुणा आणि घड्याळ पाहून द्रव द्यावे लागते.

## टप्पा ५: मिसळलेल्या औषधाचा वेग वेगळा तपासणे

द्रवात औषध असेल तर द्रवाचा वेग बरोबर असूनही औषधाचा वेग चुकीचा असू शकतो. याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पोटॅशियम क्लोराइडचे आहे. १५ टक्के तीव्रतेच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षारांची मात्रा मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. ते ५०० मिलीत मिसळून ४ तासांत दिले तर ताशी ५ मिलीइक्विव्हॅलंट जाते. हातापायाच्या साध्या शिरेतून ताशी १० मिलीइक्विव्हॅलंट ही सर्वसाधारण मर्यादा मानतात; हीच बाटली कोणी दोन तासांच्या आत संपवली तर ती मर्यादा ओलांडली जाते.

पोटॅशियम थेट शिरेत कधीही देऊ नये, त्याने हृदय थांबू शकते. तसेच ते लटकत असलेल्या, सुरू असलेल्या बाटलीत टोचू नये. औषध तोंडाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांतच तीव्र स्वरूपात शिरेत जाते. बाटली खाली घ्यावी, औषध घालावे, ती अनेकदा उलटसुलट करून मिसळावी, औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेली पट्टी लावावी आणि मगच टांगावी.

रक्तदाब टिकवण्याच्या औषधांसाठी सिरिंज पंपच (ठरलेल्या वेगाने औषध ढकलणारे यंत्र) वापरावा, थेंबांवर विसंबू नये. गणित मात्र आपल्याला यायलाच हवे. समजा ६० किलोच्या रुग्णाला डोपामिन मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे आणि २०० मिलिग्रॅम औषध एकूण ५० मिलीत भरले आहे. प्रत्येक मिलीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम औषध झाले. रुग्णाला मिनिटाला ५ × ६० = ३०० मायक्रोग्रॅम आणि तासाला १८,००० मायक्रोग्रॅम हवे. १८,००० ÷ ४००० = ४.५, म्हणून पंपावर ताशी ४.५ मिली.

तपासणी: पंपावर ४.५ ऐवजी ४५ दाबले जाणे ही दहापट मात्रा आहे. अशा औषधांचे गणित दुसऱ्या परिचारिकेने आपला कागद न पाहता स्वतंत्रपणे करावे, आणि पंपावरील आकडा तिने मोठ्याने वाचून दाखवावा.

## टप्पा ६: थेंब लावणे आणि मोजणे

नळीतील हवा काढून, ड्रिप चेंबर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरून ठेवावे. ते काठोकाठ भरले तर थेंब दिसत नाहीत; तसे झाल्यास क्लॅम्प (नळीवरील वेग कमी-जास्त करणारे चाक) बंद करून बाटली सरळ धरावी आणि चेंबर दाबून जादा द्रव परत बाटलीत ढकलावे. कडक बाटली असेल तर सेटवरील हवेचे टोपण उघडे आहे ना ते पाहावे, नाहीतर बाटली रिकामी होत जाते तसा प्रवाह मंदावतो. मऊ पिशवीला मात्र हवेसाठी सुई टोचू नये.

रोलर क्लॅम्प हळूहळू उघडावा. घड्याळ चेंबरच्या शेजारी, डोळ्यांच्या पातळीवर धरावे, म्हणजे थेंब आणि काटा एकाच नजरेत राहतात. एका थेंबाच्या क्षणी मोजणी सुरू केली असेल तर तो थेंब ‘शून्य’, त्याच्या पुढचा ‘एक’. ही बारीक गोष्ट वाटते, परंतु पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारी व्यक्ती पहिल्याच थेंबाला ‘एक’ म्हणते तेव्हा मिनिटाचा आकडा चाराने चुकतो, आणि २१ थेंबांच्या ड्रिपमध्ये चार थेंब म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. वेग जुळवताना पंधरा सेकंदांची मोजणी चालेल. अखेरची मोजणी पूर्ण साठ सेकंदांची असावी.

अंदाजासाठी लक्षात ठेवावे की मिनिटाला २० थेंब म्हणजे दर तीन सेकंदांना एक आणि ३० थेंब म्हणजे दर दोन सेकंदांना एक. वॉर्डातून चालता चालताही यावरून ढोबळ गडबड लक्षात येते.

## टप्पा ७: बाटलीवर वेळेची पट्टी

ड्रॉप फॅक्टर शुद्ध पाण्यावरून ठरवलेला असतो, आणि त्यातही थोडे कमी-जास्त गृहीत असते. शिवाय द्रव बदलले की थेंबाचा आकारही किंचित बदलतो. म्हणून थेंब बरोबर मोजले तरी खरा हिशेब बाटलीतील पातळीच सांगते.

चिकटपट्टी बाटलीवर उभी लावून तिच्यावर वेळा लिहाव्यात. सकाळी ८ ला सुरू केलेल्या आठ तासांच्या ५०० मिली बाटलीत १० वाजता ३७५, १२ वाजता २५०, २ वाजता १२५ मिली द्रव उरायला हवे आणि ४ वाजता बाटली संपायला हवी. बाटली उलटी टांगल्यावर कोणती मोजपट्टी वाचायची हे आधी ठरवावे, कारण काही बाटल्यांवर दोन्ही दिशांनी आकडे असतात. पिशवीच्या प्लॅस्टिकवर थेट मार्करने लिहू नये.

## टप्पा ८: परत जाऊन पाहणे

पहिल्यांदा पंधरा मिनिटांनी, नंतर दर तासाला आणि लहान मुलांमध्ये दर अर्ध्या तासाला थेंब, पातळी आणि सुईची जागा पाहावी. रुग्णाने कोपर वाकवले, त्याच हातावर रक्तदाबाचा पट्टा आवळला, खाटेची उंची बदलली, नळी कठड्यात अडकली, सुईजवळ सूज आली, या प्रत्येक वेळी वेग बदलतो. आपल्या वॉर्डांतील नेहमीचे दृश्य म्हणजे रुग्ण शौचालयात जातो आणि नातेवाईक बाटली हातात धरून मागे चालतो. त्याचा हात दुखला की बाटली खाली येते आणि रक्त नळीत चढते. परतल्यावर बाटली स्टँडला टांगली जाते, थेंब मात्र कोणी मोजत नाही. आपण मोजावेत. नातेवाइकांना सुरुवातीलाच सांगावे: “दादा, हे चाक तुम्ही फिरवू नका. सलाईन थांबली किंवा भराभर जायला लागली तर लगेच मला हाक मारा.”

ड्रिप मागे पडली असेल तर ‘भरून काढण्यासाठी’ क्लॅम्प सोडून देणे ही सर्वांत घातक सवय आहे. उरलेले द्रव आणि उरलेला वेळ घेऊन गणित पुन्हा करावे. वरील बाटलीत १२ वाजता २५० ऐवजी ३५० मिली उरले असेल तर ३५० ÷ ४ = ताशी ८७.५ मिली, म्हणजे २९ थेंब. मूळ २१ थेंबांच्या तुलनेत ही वाढ तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. पाव हिश्श्याहून जास्त वाढ करायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच करावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण, वृद्ध, लहान मूल, तीव्र रक्तक्षय किंवा गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब असेल तर कोणतीही वाढ परस्पर करू नये.

इशारा: धाप, खोकला, आडवे झोपवेनासे होणे, मानेच्या शिरा फुगणे ही जादा द्रवाची लक्षणे आहेत. ड्रिप अगदी मंद करावी, सुई काढू नये, रुग्णाला टेकवून बसवावे, प्राणवायूची तयारी ठेवावी आणि डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

## रक्त देताना

गणित तेच, सेट मात्र गाळणी असलेला रक्ताचाच असावा आणि त्याचा ड्रॉप फॅक्टर पाकिटावरून घ्यावा. २८० मिलीची पिशवी साडेतीन तासांत, २० थेंबांच्या सेटने: (२८० × २०) ÷ २१० = २७ थेंब. पहिली पंधरा मिनिटे वेग कमी ठेवून रुग्णाजवळच थांबावे, पिशवी ४ तासांत पूर्ण व्हावी, आणि त्याच नळीतून आरएल किंवा डेक्स्ट्रोज देऊ नये; लागल्यास एनएस चालते.

## नोंद आणि ओव्हर (पाळी सोपवणे)

पत्रकावरील ओळ अशी असावी: ‘आरएल ५०० मिली, सकाळी ८.००, ताशी ६२.५ मिली, २० चा सेट, २१ थेंब, उजवा हात, संपण्याची वेळ दुपारी ४.००’, आणि खाली सही. पाळी बदलताना ही ओळ टेबलाशी बसून वाचून दाखवू नये. दोघींनी खाटेशी जावे, येणाऱ्या परिचारिकेने स्वतः एक मिनिट थेंब मोजावेत, पातळी पट्टीशी जुळवावी आणि आपल्या हाताने तो आकडा व वेळ लिहावी.